आजचं मरण उद्यावर: न्यू हॅम्पशायरच्या मराठी मंडळींना जर्सीहून खुलं पत्र

नाशुआ, मँचेस्टर, बेडफर्ड आणि आसपास जिथे जिथे असाल तिथल्या सगळ्या मराठी मंडळींना जर्सीहून नमस्कार.

23 जानेवारी 2024 ला तुमची प्रायमरी, म्हणजे प्रेसिडेंटपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान, आहे आणि फोनवर, ग्रुपवर जे कानावर येतंय त्यावरून दिसतंय की तुमच्यातले बरेच जण, म्हणजे जे सिटिझन झालेत ते, अनडिक्लेअर्ड (कुठल्याच पक्षात नाव नसलेले) आहोत तर यावेळी रिपब्लिकन बॅलट घेऊ आणि आमचा न्यू जर्सीचा माजी गव्हर्नर क्रिस क्रिस्टी याला मत देऊ अशा विचारात आहेत. का म्हणून विचारलं की दोन उत्तरं येतात. पहिलं, तो एकटाच ट्रंपचं नाव घेऊन त्याला सुनावतो. बरोबर आहे, सुनावतो, आणि चांगलं सुनावतो, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, तेवढ्यासाठी मत देणार असाल तर हे पत्र इथेच सोडून दिलंत तरी चालेल. पण दुसरं उत्तर ऐकलं की मला राहवत नाही. ते असं की, माणूस पैशाच्या बाबतीत एकदम शिस्तीचा आहे, न्यू जर्सीसारख्या डेमोक्रॅट स्टेटमध्ये आठ वर्षं बजेट बॅलन्स करून दाखवलं त्याने, वॉशिंग्टनला असाच माणूस पाहिजे.

अहो, त्या आठ वर्षांत आम्ही इथेच होतो ना. एडिसन, पिस्कॅटवे, पार्सिपनी, जर्सी सिटी, आपली निम्मी मराठी अमेरिका या स्टेटमध्ये राहते (आकडा माझा नाही, पण गणपतीतली गर्दी बघून कोणीही हेच म्हणेल). टॅक्स आम्ही भरला, ट्रेनचं वाढलेलं भाडं आम्ही दिलं, आणि राहिलेली बिलं अजूनही आम्हीच भरतोय. म्हणून जरा ऐकून घ्या.

आधी ते बॅलन्स्ड बजेटचं. आमच्या 1947 च्या घटनेतच लिहिलंय की बजेट बॅलन्स असलंच पाहिजे. त्याच्या आधीच्या गव्हर्नरांनी, कॉर्झाइनने, मॅकग्रीव्हीने केलं, त्याच्यानंतर आलेल्या मर्फीनेही केलं. कायद्याने करावंच लागतं त्याचं एवढं काय कौतुक. आणि बॅलन्स म्हणजे तरी काय, तर यावर्षी किती कॅश आली आणि किती गेली. पेन्शन फंडात जे भरायला पाहिजे होतं आणि भरलं नाही ते या हिशोबात कुठे दिसतच नाही. म्हणजे बिल न भरणं हाच बजेट बॅलन्स करायचा सगळ्यात सोपा रस्ता आणि क्रिस्टीसाहेबांनी तो पहिल्याच वर्षी धरला.

आता न्यायाने बोलायचं तर जानेवारी 2010 मध्ये त्याच्या हातात जे आलं ते काही गोड नव्हतं. मंदी चालू होती, चालू वर्षातच 2 बिलियन डॉलरच्या वर खड्डा, पुढच्या वर्षी साधारण 11 बिलियनचा. पेन्शनचा घोळ तर त्याच्या आधीपासूनचा, तेव्हाच्या गव्हर्नर ख्रिस्टीन टॉड व्हिटमन बाईंनी 1997 मध्ये पेन्शन फंड भरायला चक्क बाँड काढून कर्ज घेतलं, मग 2001 मध्ये बाजार खाली यायला लागला असताना कर्मचाऱ्यांची पेन्शन 9 टक्क्यांनी वाढवून दिली गेली, आणि पुढच्या प्रत्येकाने, डेमोक्रॅट काय रिपब्लिकन काय, आपापल्या वेळी थोडं भरलं किंवा काहीच भरलं नाही. क्रिस्टी नेहमी सांगतो की माझ्या आधीच्या कुठल्याही गव्हर्नरपेक्षा मी पेन्शनमध्ये जास्त पैसे घातले. हे खरं आहे. पण आधीच्यांनी जवळजवळ काहीच घातलं नव्हतं तेव्हा त्यांच्यापेक्षा जास्त घालायला फार काही लागत नव्हतं.

पेन्शनचं जरा नीट सांगतो कारण खरी गोम तिथेच आहे. पहिल्या पूर्ण बजेटमध्ये, म्हणजे 2011 च्या आर्थिक वर्षासाठी, साधारण 3 बिलियनचा हप्ता त्याने सरळ उडवला. मग जून 2011 मध्ये मोठा गाजावाजा करून रिफॉर्मचा कायदा केला, चॅप्टर 78 म्हणतात त्याला इथे, आणि देशभर त्याची वाहवा झाली. सौदा असा होता की शिक्षकांनी, क्लार्क लोकांनी पगारातून जास्त कापून द्यायचं, साडेपाच टक्क्यांवरून हळूहळू साडेसातपर्यंत, हेल्थ इन्शुरन्सचा वाटा जास्त उचलायचा, आणि रिटायर झालेल्यांना महागाईप्रमाणे जी वाढ मिळायची ती बंद. बदल्यात स्टेट काय करणार, तर पहिल्या वर्षी हप्त्याचा एक सप्तमांश, दुसऱ्या वर्षी दोन सप्तमांश, असं करत सात वर्षांत पूर्ण हप्त्यावर येणार. आणि स्टेटने पैसे भरणं हा कर्मचाऱ्यांचा करारातला हक्क आहे असं त्या कायद्यात लिहिलं होतं आणि त्यावर सही साहेबांची होती.

कर्मचाऱ्यांचं कापून घेणं लगेच सुरू झालं, ते कधी चुकलं नाही. स्टेटने दोन वर्षं आपला वाटा भरला. तिसऱ्या वर्षी, 2014 च्या वसंतात, लक्षात आलं की महसुलाचा अंदाज साधारण 800 मिलियनने फसलाय (अंदाज कायम वरचा धरायचा ही एक खोडच होती, रिकव्हरी झाली म्हणून भाषणं आधीच होऊन गेलेली, जर्सी कमबॅक वगैरे). तर काय केलं, 1.58 बिलियन भरायचे होते ते 696 मिलियनवर आणले आणि पुढच्या वर्षीचे 2.25 बिलियन 681 मिलियनवर. युनियनवाले कोर्टात गेले तर स्टेटचे वकील उभे राहून सांगतात की असा करार करायचा अधिकार स्टेटला घटनेप्रमाणे नव्हताच, म्हणजे ज्या कायद्याच्या जिवावर साहेब देशभर मिरवून आले तोच कायदा आमच्यावर बंधनकारक नाही असं त्यांचेच वकील म्हणतायत. 9 जून 2015 ला आमच्या सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 2 ने ते मान्य केलं. तीनच आठवड्यांनी लिव्हिंग्स्टनच्या हायस्कूलमध्ये साहेबांनी प्रेसिडेंटपदाची घोषणा केली, टेलिंग इट लाइक इट इज असं घोषवाक्य घेऊन.

पुण्यामुंबईत सोसायटीत राहिलेल्या प्रत्येकाला हे पटकन कळेल. नवीन चेअरमन येतो, मेंटेनन्स एक रुपयाने वाढू देत नाही, सगळे खूष, आणि सिंकिंग फंडात वर्षानुवर्षं काही पडत नाही हे कोणी विचारत नाही, मग लिफ्ट बंद पडते तेव्हा तो चेअरमन फ्लॅट विकून दुसरीकडे राहायला गेलेला असतो.

तो गेला तेव्हा आमच्या पेन्शन फंडाची अवस्था देशात सगळ्यात वाईट होती. 2016 च्या हिशोबाप्रमाणे जेवढे द्यायचे आहेत त्याच्या 31 टक्क्यांच्या आसपासच जमा. जाता जाता 2017 मध्ये अजून एक शक्कल काढली, लॉटरीच 30 वर्षांसाठी पेन्शन फंडाच्या नावावर करून टाकली, 13.5 बिलियनची मालमत्ता म्हणून, आणि कागदावर फंड एकदम बरा दिसायला लागला. लॉटरीचे पैसे आधी शिक्षणाला आणि स्टेटच्या संस्थांना जायचे, ती जागा बजेटमधून वेगळी भरायला लागली, म्हणजे नवा एक डॉलर कुठून आला नाही.

हे सगळं बाजाराला दिसत होतंच. एस अँड पी, मूडीज, फिच या कर्ज घेणाऱ्याची पत ठरवणाऱ्या कंपन्या, तिघींचं मिळून 11 वेळा आमचं रेटिंग खाली आलं. तो आला तेव्हा एस अँड पीचं डबल ए होतं, गेला तेव्हा ए मायनस, आणि देशात आमच्याखाली फक्त इलिनॉय. न्यू जर्सीच्या इतिहासात कुठल्याच गव्हर्नरच्या काळात एवढ्या वेळा घसरलं नव्हतं. ऑगस्ट 2015 च्या क्लीव्हलंडच्या रिपब्लिकन डिबेटमध्ये त्याला हे विचारलं पण होतं, तेव्हा आकडा 9 होता. उत्तर साधारण असं होतं की आत्ता वाईट वाटतंय तर मी आलो तेव्हा बघायला पाहिजे होतं. लोक हसले, टाळ्या पडल्या, विषय संपला. कोणी पुढे विचारलं नाही की अहो तुम्ही आलात तेव्हा तर रेटिंग चांगलं होतं, खाली गेलं ते तुम्ही असताना. ही त्याची खासियत आहे मंडळी, समोरासमोर तो इतका छान बोलतो की आकडा कुठल्या कुठे राहून जातो, आणि तुमच्याकडे टाउन हॉलवर, म्हणजे उमेदवाराला समोरासमोर प्रश्न विचारायच्या सभांवर, निवडणूक चालते म्हणून मला जास्त काळजी.

आता बोगद्याचं. हे माझं जास्त आवडतं, म्हणजे जास्त रागाचं. हडसन नदीखालून न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला जाणाऱ्या ट्रेनसाठी दोन बोगदे आहेत, 1910 साली सुरू झालेले. तिकडे जाणाऱ्या एनजे ट्रान्झिटच्या (स्टेटची ट्रेन-बस सेवा) आणि अ‍ॅमट्रॅकच्या (देशभरची रेल्वे) सगळ्या गाड्या त्या दोन नळ्यांतून जातात. नवीन बोगद्याचं काम, आर्क म्हणायचे त्याला, 2009 मध्ये सुरू झालेलं, खर्च 8.7 बिलियन, त्यात 3 बिलियन वॉशिंग्टनचे, 3 बिलियन पोर्ट ऑथॉरिटीचे (न्यूयॉर्क आणि जर्सी मिळून पूल, बोगदे, विमानतळ चालवणारी संस्था). ऑक्टोबर 2010 मध्ये क्रिस्टीने ते रद्द केलं. म्हणाला खर्च 11 पासून 14 बिलियनपर्यंत जाईल आणि त्यातला 70 टक्के बोजा जर्सीवर पडेल. 2012 मध्ये जीएओ, म्हणजे काँग्रेसची ऑडिट करणारी संस्था, तिचा रिपोर्ट आला की जर्सीचा वाटा 14.4 टक्के होता. 70 कुठे, 14 कुठे.

बरं मग वाचलेल्या पैशाचं काय झालं? ते गेले रस्त्यांच्या ट्रान्सपोर्टेशन ट्रस्ट फंडात, कारण तो फंड रिकामा होत आलेला आणि साहेबांनी पेट्रोलवरचा, सॉरी, गॅसवरचा टॅक्स वाढवणार नाही असं सांगून ठेवलेलं. पोर्ट ऑथॉरिटीचे 1.8 बिलियन पुलास्की स्कायवे वगैरे दुरुस्तीला वळवले, जे रस्ते पोर्ट ऑथॉरिटीचे नव्हतेच, स्टेटचे होते. त्यात बाँड घेणाऱ्यांपासून धोका लपवला म्हणून जानेवारी 2017 मध्ये एसईसीने, म्हणजे शेअर-बाँड बाजारावर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेने, पोर्ट ऑथॉरिटीला 400,000 डॉलर दंड केला आणि पोर्ट ऑथॉरिटीने चूक कबूल केली. शिवाय बोगदा रद्द केला म्हणून वॉशिंग्टनने खर्च झालेले 271 मिलियन परत मागितले, भांडून भांडून ते 95 मिलियनवर मिटलं, म्हणजे न झालेल्या बोगद्याचे 95 मिलियन आम्ही दिले. 2012 मध्ये सँडी वादळात जुन्या बोगद्यांत खारं पाणी शिरलं, ते आतून झिजतायत, आणि तोच बोगदा आता गेटवे नावाने परत करायला घेतलाय, त्याचा आकडा 16 बिलियनच्या वर गेलाय. हे वाक्य लिहिताना पण मला त्रास होतो.

आणि एवढं करून गॅस टॅक्स वाचला का? नाही. 2016 च्या उन्हाळ्यात ट्रस्ट फंड पूर्ण आटला, जुलैत साहेबांच्या ऑर्डरने स्टेटभर रस्त्यांची कामं बंद, खणलेले रस्ते तसेच, मजूर घरी. शेवटी ऑक्टोबरमध्ये सौदा झाला आणि 1 नोव्हेंबरपासून गॅस टॅक्स गॅलनला एकदम 23 सेंटने वाढला, साडेचौदावरून साडेसदतीसवर. 1988 नंतरची पहिली वाढ, आणि ती एका रात्रीत. बदल्यात सेल्स टॅक्स 7 वरून दोन टप्प्यांत 6.625 आणि इस्टेट टॅक्स (मेल्यानंतर मागे राहणाऱ्या मालमत्तेवरचा) 2018 पासून बंद. सेल्स टॅक्स तुमच्याकडे नाहीच त्यामुळे तुम्हाला कळणार नाही, शंभर डॉलरच्या खरेदीवर सदतीस सेंट वाचले म्हणून आम्ही काय पेढे वाटायचे? इस्टेट टॅक्स मात्र ज्यांच्या इस्टेटी होत्या त्यांचा वाचला. मिलियनेअर टॅक्सचं बिल 2010 मध्ये हातात पडल्या पडल्या व्हेटो आणि नंतर दरवेळी परत व्हेटो, पण त्याच पहिल्या वर्षी कमी पगाराच्या लोकांना मिळणारं अर्न्ड इन्कम क्रेडिट मात्र 25 टक्क्यांवरून 20 वर आणलं. ते पुढे वाढवलं हेही सांगतो, 2015 मध्ये 30 आणि मग 35. पण मधली पाच वर्षं गेली ना.

ट्रेनचं भाडं हा टॅक्स नसतो असं दिसतं. 2010 मध्ये ते 25 टक्क्यांनी वाढलं, 2015 मध्ये परत 9 टक्के, आणि एनजे ट्रान्झिटला स्टेटकडून थेट मिळणारी मदत 2009 मध्ये 348 मिलियन होती ती 2016 पर्यंत 33 मिलियनवर आली. टॅक्स वाढवला नाही, हे तो तुमच्याकडे छाती ठोकून सांगेल. महिन्याचा पास काढणाऱ्याला विचारा.

शाळांची मदत पहिल्याच बजेटमध्ये 820 मिलियनने कापली, त्यातले 500 मिलियन पुढच्या वर्षी कोर्टाने परत द्यायला लावले. 2010 च्याच उन्हाळ्यात रेस टू द टॉपचे, म्हणजे वॉशिंग्टनने शाळांसाठी ठेवलेल्या स्पर्धेचे, 400 मिलियन हातचे गेले कारण अर्जात चुकीच्या वर्षांचे आकडे टाकले, 3 मार्कांनी अकरावा नंबर आला आणि पहिल्या दहांना पैसे. शिक्षण कमिशनरला घरी पाठवलं, झालं. 2013 मध्ये सिनेटर लॉटनबर्ग वारले तर त्या जागेची निवडणूक ऑक्टोबरच्या एका बुधवारी, स्वतःच्या निवडणुकीच्या फक्त 20 दिवस आधी घेतली, जनरलचा 12 मिलियन आणि तिच्या प्रायमरीचा तेवढाच खर्च. का, तर त्या जागेचा डेमोक्रॅट उमेदवार कोरी बुकर, त्याच्या नावावर डेमोक्रॅट मतदार बाहेर पडले असते ते स्वतःच्या दिवशी नको होते असं सगळे म्हणत होते, आणि मला तरी दुसरं कारण सापडलेलं नाही. काटकसरीच्या माणसाचे 24 मिलियन.

एक्सॉन या तेल कंपनीचं तर विसरलोच होतो. बेवे आणि बेयॉनच्या रिफायनऱ्यांनी केलेल्या प्रदूषणासाठी स्टेटने 8.9 बिलियन मागितले होते, कंपनी जबाबदार आहे हे कोर्टात आधीच सिद्ध झालेलं, फक्त किती द्यायचे हे जज सांगणार होते आणि त्याच्या आधी 2015 मध्ये 225 मिलियनवर सेटलमेंट. आणि त्यातलेही पहिले 50 मिलियन सोडून बाकीचे पर्यावरणाला नाहीत, बजेटचं भोक बुजवायला. लोक एवढे चिडले की 2017 मध्ये घटनाच बदलून घेतली की असले पैसे पर्यावरणालाच गेले पाहिजेत.

एका गोष्टीचं श्रेय देतो, मनापासून. 2010 चा प्रॉपर्टी टॅक्सच्या वाढीवरचा वर्षाला 2 टक्क्यांचा कॅप. तो चालला. आधी दरवर्षी कसा सुसाट वाढायचा ते ज्यांनी बघितलंय त्यांना त्याची किंमत आहे. तरीपण सरासरी बिल 2009 मध्ये 7,281 डॉलर होतं ते 2017 मध्ये 8,690 झालं, देशात सगळ्यात जास्त, आणि होमस्टेड रिबेट (घरमालकांना प्रॉपर्टी टॅक्समधली सूट) जो मिळायचा तो आधी थांबवला आणि मग आटवून परत दिला, त्यामुळे ज्येष्ठ लोकांच्या खिशातून गेले ते कॅपच्या आकड्यात दिसत नाहीत. तुमच्याकडे पण प्रॉपर्टी टॅक्स काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको.

यावर त्याचे लोक म्हणतील की लेजिस्लेचर (स्टेटचं विधिमंडळ) डेमोक्रॅट होतं, तो एकटा काय करणार. अर्धं खरं आहे, गॅस टॅक्सच्या सौद्यावर, लॉटरीवर, पेन्शनच्या कायद्यावर त्यांनीही मतं दिली, डेमोक्रॅटांचा स्टेट सिनेटमधला नेता स्वीनी आणि कंपनी काही धुतल्या तांदळाची नाही. पण आमच्या गव्हर्नरला देशातल्या सगळ्यात जास्त अधिकार असलेल्या गव्हर्नरांमध्ये धरतात, बजेटमधली ओळ न ओळ तो कापू शकतो, महसुलाचा अंदाज शेवटी त्याच्याच सहीने ठरतो. 2014 चा पेन्शनचा हप्ता एक्झिक्युटिव्ह ऑर्डरने कापला गेला, मतदानाने नाही. बोगदा त्याने एकट्याने रद्द केला. आणि जुलै 2017 मध्ये बजेटवरून स्टेट बंद, सगळे पार्क बंद, आणि साहेब बंद बीचवर फॅमिलीसकट खुर्ची टाकून बसलेले, तो विमानातून काढलेला फोटो तुम्ही बघितलाच असेल, त्यावर जास्त बोलत नाही.

आणि त्याच्यानंतर? मर्फीने 2022 च्या आर्थिक वर्षात पेन्शनचा पूर्ण हप्ता भरला, साधारण 25 वर्षांत पहिल्यांदा, 6.9 बिलियन लॉटरी धरून. त्याच्याही काळात कोविडच्या वर्षी रेटिंग घसरलं आणि वॉशिंग्टनहून आलेल्या कोविडच्या पैशांचा हातभार होता, हे मान्य. पण 2022 पासून रेटिंग वर जायला लागलं, म्हणजे हप्ता भरला की बाजाराला कळतं.

2024 च्या या कॅम्पेनमध्ये तो सोशल सिक्युरिटीबद्दल, म्हणजे वॉशिंग्टनच्या पेन्शन योजनेबद्दल, बोलतो, की आता हिंमत करून निर्णय घ्यायला हवा, नाहीतर पुढच्या पिढीवर बोजा पडेल. मुद्दा चुकीचा नाही हो. पण मी चॅप्टर 78 बघितलाय. कामगाराचा वाटा पहिल्या दिवसापासून कापला जातो आणि सरकारचा वाटा तिसऱ्या वर्षी आटतो, आणि मग वकील सांगतात करार नव्हताच.

तर टाउन हॉलला गेलात, माइक मिळाला, तर ट्रंपबद्दल विचारू नका, ते उत्तर त्याला पाठ आहे. एवढंच विचारा की 2011 मध्ये ज्या हप्त्यावर तुम्ही सही केलीत तो 2014 मध्ये का भरला नाहीत, आणि 14.4 चे 70 कसे झाले. "मी आलो तेव्हा बघायला पाहिजे होतं" असं म्हणाला तर सांगा, तेव्हा डबल ए होतं.

आणि एक कामाचं, जे कोणी रिपब्लिकन बॅलट घेणार असाल त्यांनी, मत कुणालाही द्या, बाहेर पडताना परत अनडिक्लेअर्ड व्हायच्या कार्डावर सही करायला विसरू नका, नाहीतर रजिस्ट्रेशन रिपब्लिकन म्हणून राहून जातं.

तुमचा,
एडिसनचा एक टॅक्स भरणारा